भरल्या पोटी उपाशी

चंद्रप्रकाश शेठनी आधी मेलेली कोंबडी टेबलावर ठेवली आणि मग नमस्कार केला.

"खून," ते म्हणाले. "दीड महिन्यात अशा चौदाशे."

गुप्तहेर भीमराजच्या घाटकोपरच्या कचेरीत खुनाच्या चौकशा यापूर्वीही आल्या होत्या, पण प्रेत पिशवीतून आणणारा अशील हा पहिलाच. भीमराजचा सहकारी हरेश्वर जकात नाक्यावर सव्वीस वर्षं काढून निवृत्त झाला होता. त्याने सवयीने पिशवीत आणखी काही लपवलंय का ते पाहिलं.

"विष?" भीमराजने विचारलं.

"डॉक्टर म्हणतो विष नाही. त्यालाही कुणी पैसे चारले असतील. संशय लहूवर आहे, खाणं घालणाऱ्या गड्यावर. दिवाळीला थोबाडीत दिली होती मी त्याच्या. संध्याकाळपर्यंत दुसरं नाव द्या, नाहीतर लहूला पोलिसांत देतो. कुणीही असो, जेलमध्ये सडवणार."

"कुणीही?"

"माझ्या कोंबड्या मारल्यात, साहेब. बदला घेणार म्हणजे घेणार."

दहिसरला शेठची पोल्ट्री होती आणि तिला लागूनच खाद्याचा कारखाना. चिकनच्या दुकानांतून उरलेली पिसं फुकट आणायची, वाफेच्या बंद कुकरमध्ये दाबाखाली शिजवायची, वाळवून दळायची आणि ती भुकटी कोंबड्यांच्या खाण्यात मिसळायची, असा उद्योग.

"कोंबडीची पिसं कोंबडीलाच?" हरेश्वरने नाक मुरडलं.

"प्रोटीन आहे ते! पूर्वी पिसांसोबत सुकी मासळीही घालायचो. तिचे भाव बघा आणि ही पिसं बघा. मासळी पार बंद केली."

लहू पिंजऱ्यांपाशीच भेटला. हडकुळा, आणि घाबरण्याच्या पलीकडे गेलेला.

"मारायचंच असतं तर शेठला मारलं असतं, कोंबडीला कशाला?" तो म्हणाला. "दिवसभर खातात साहेब, थांबतच नाहीत. पोट टम्म आणि छातीचं हाड वर आलेलं. बघा ना, एकमेकींची पिसं उपटून खातायत."

"कधीपासून?"

"मासळी बंद झाली तेव्हा काही नव्हतं. त्यानंतर सहा महिने मस्त अंडी देत होत्या. हे आत्ता दीड महिन्यातलं."

कारखान्यातल्या टीचभर प्रयोगशाळेत केमिस्ट वनमाला चष्मा पुसत बसली होती. पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं आणि नोकरी सुटणार होती. शेठच्या मते हा संशयाला भरपूर पुरावा होता.

"रिपोर्ट बरोबर आहेत," ती म्हणाली. "प्रोटीन एक्क्याऐंशी टक्के. आधीही तेवढंच होतं, आताही तेवढंच."

"म्हणजे खाद्य चांगलं?"

"मी फक्त नायट्रोजन मोजते आणि त्याला सव्वासहाने गुणते. पचतं की नाही, ते यात कळत नाही. तुम्ही डोक्यावरचे केस दिलेत तर त्यांचंही प्रोटीन भरपूर निघेल."

हरेश्वरने नकळत टकलावरून हात फिरवला.

भीमराजने बरणीतली चिमूटभर भुकटी बोटांत चोळली. तिचं पीठ होईना. फिकट, लोकरीसारखे धागे दाबले की पुन्हा फुलत होते. शेजारच्या बरणीवर तीन महिन्यांपूर्वीची तारीख होती. तिच्यातली भुकटी तपकिरी होती आणि नख लावताच तिचा चुरा झाला.

कुकर शेडच्या टोकाला होता. त्याच्यामागे एकच भिंत नव्या विटांची होती, बाकीच्या तीन काजळलेल्या. नव्या भिंतीवर पांढराशुभ्र बोर्ड होता: 'कुकरचा दाब एक किलोच्या वर नेऊ नये. हुकुमावरून. जून १९८२.'

बोर्डाखाली सगुणाबाई उभी होती. चाळिशीची, पदर खोचलेला, नजर दाबाच्या काट्यावर.

"हिचा नवरा महादू," शेठ म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी, ब्याऐंशीच्या सप्टेंबरात, इथेच कुकर फुटला. ही भिंतही गेली आणि तोही. बोर्ड असूनसुद्धा दाब वाढवला त्याने. चौकशीत तसंच लिहिलंय. त्यामुळे भरपाई बसत नव्हती, तरी मी हिला झाडूकामाला ठेवली. दोन महिन्यांपूर्वी कुकरवरचा माणूस गावाला गेला. दुसरा कुणी इथे उभा राहीना, ही राहिली. बाई काटकसरी आहे हो. कोळसा निम्मा उरतो हल्ली."

"कुकर किती दाबावर चालतो?"

"बोर्डावर आहे तेवढ्याच," शेठ चटकन म्हणाले.

भीमराजने तोच प्रश्न सगुणाबाईला विचारला.

"बोर्डावर आहे तेवढ्याच," ती म्हणाली. "महादूचं नाव गेलंय साहेब कागदावर. लोक अजून म्हणतात, स्वतःच्या हाताने मेला. माझ्या नावावर तरी चूक नको."

संध्याकाळी भीमराजने सगळ्यांना शेडमध्येच बोलावलं.

"कोंबड्या उपासमारीने मेल्या," तो म्हणाला.

"भरल्या पोटी?" हरेश्वरने विचारलं.

"पिसांनी भरल्या. पीस जोरदार दाबाखाली शिजलं तरच पचतं, नाहीतर जसं आत जातं तसं बाहेर पडतं. कच्च्या पिसातही नायट्रोजन तेवढाच, म्हणून वनमालाबाईंचे रिपोर्ट खरे. लहू खाणं घालतो, शिजवत नाही. जुनी भुकटी चुरते, नवी फुलते. कोळसा उरतोय. म्हणजे दोन महिन्यांपासून आच कमी आहे, दाब कमी आहे. आणि दोन महिन्यांपूर्वी इथे बदलला तो एकच माणूस."

शेठ सगुणाबाईकडे वळले. "तू? माझं मीठ खाऊन? आत टाकतो तुला!"

"टाका की," सगुणाबाई म्हणाली. "काय लिहाल फिर्यादीत?"

"की हिने दाब..." शेठ थांबले.

"दाब बोर्डाप्रमाणे ठेवला," भीमराजने वाक्य पुरं केलं. "एक किलो. सकाळी मी एकच प्रश्न दोघांना विचारला, दोघांनी एकच उत्तर दिलं. पण खरं फक्त यांचं होतं. एक किलोवर पिसं शिजत नाहीत, शेठ. मग महादूच्या वेळी ती कशी शिजत होती? तोंडी हुकूम किती किलोचा होता?"

लहूच बोलला. "तीन. सगळ्यांना माहीत आहे."

"आणि बोर्ड जून ब्याऐंशीचा. सप्टेंबरात मागची भिंत उडाली, बोर्डावर ओरखडाही नाही. चौकशीला माणसं यायच्या आधी कुणीतरी नव्या भिंतीवर जुनी तारीख रंगवली."

शेठनी कपाळ पुसलं. आवाज एकदम मऊ झाला. "सगुणा, जाऊ दे. फिर्याद नाही करत मी. कोंबड्या गेल्या तर गेल्या."

"मुक्या जिवांचं वाईट वाटतं मला. रोज वाटतं," ती म्हणाली. "पण माणूस मेला तेव्हा तुम्ही बोर्ड रंगवलात आणि कोंबड्या मेल्या तेव्हा गुप्तहेर आणलात. मला माहीत होतं, आणाल."

तिने नव्या भुकटीची पुडी बांधली आणि चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"चौकीवर. तुम्ही फिर्याद करणार नसाल तर मी कबुली देते. चौदाशे मारल्या, बोर्डाएवढाच दाब ठेवून मारल्या, सगळं."

"भीमराज साहेब, अडवा तिला! फी मी देतोय!"

"फी नाव सांगायची होती. सांगितलं," भीमराजने छत्री उचलली. "चला सगुणाबाई. कबुलीला साक्षीदार लागेल."

हरेश्वर फाटकापर्यंत धापा टाकत आला. त्याला अजून एक गोष्ट उमगली नव्हती. "पण बाई, खरंच शिक्षा झाली तर?"

"होऊ दे ना," सगुणाबाई म्हणाली. "का झाली, ते कागदावर लिहितील ना भाऊ!"