नऊ वेळा वीस मिनिटं

"किती राहिलं?" त्याने धावता धावताच विचारलं.

"चार किलोमीटर आणि तीनशे मीटर," मी म्हणाले. "त्यातला दीड किलोमीटर चढ आहे."

तो थांबलाच. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. कपाळावरचा घाम भुवईत, भुवईतून डोळ्यात... पुसायचंही भान नाही.

"अहो, असं कुणी सांगतं का? मागच्या टेबलावरचे म्हणाले, आलंच आता."

"ते दर वेळी तेच म्हणतात."

"माणसाला धीर द्यायला उभं केलंय ना तुम्हाला?"

"पाणी द्यायला," मी पेला पुढे केला. "धीर ज्याचा त्याने आणायचा."

तो हसला. पेला घेताना बोटं क्षणभर अडली — त्याची की माझी, ते मला आजही सांगता येणार नाही. मग चढाकडे वळत तो म्हणाला, "दीड किलोमीटर. मोजून बघणार आहे. खोटं निघालं तर परत येईन."

खोटं निघणार नव्हतंच. तरी तो परत आला.

रविवारी सकाळी सहाला आमचा गट जमायचा. सगळे माजी सैनिक. नोकरीत असताना धावायला लावतात म्हणून कुरकुरलेली माणसं आता साखरझोप मोडून आपणहून धावायची, आणि गावात सगळ्यांसाठी दौड भरली की तिची व्यवस्थाही आम्हीच बघायचो. निवृत्त कॅप्टनबाई आमच्या म्होरक्या. सत्तरीचे बँडमास्तर धावण्यात सगळ्यांत हळू आणि मिशीला पीळ देण्यात सगळ्यांच्या पुढे. त्यांच्यात हा नवा. लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचा 'मिस्त्री' झाला.

माझं नाव तर कधीचंच पडलं होतं — हरिश्चंद्राची बहीण. पहाटे देवापुढे बसल्याशिवाय पाणी प्यायचं नाही हा माझा एक नेम, आणि खोटं बोलायचं नाही हा दुसरा. आई म्हणते, "नेम कर गं बाई, पण शेजारीण नवे पडदे दाखवायला लागली की तेवढ्यापुरती मुकी तरी होत जा."

सैन्यात मी वायरलेसवर होते. आता इस्पितळाच्या औषधभांडारात आहे. खोकी बोलत नाहीत, हे त्या नोकरीतलं मला सगळ्यांत आवडतं. दौडीच्या दिवशी कार्यकर्त्यांकडे हातात धरायचे वायरलेस सेट असायचे. मी त्यांना हात लावत नसे. का, ते कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या जखमेला आपणहून हात लावायचा नाही, एवढं आमच्या गटात न सांगता सगळ्यांना कळायचं.

मिस्त्री हळूहळू माझ्या चालीने धावायला लागला. त्याची चाल माझ्याहून वेगाची होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तुमच्या इमारतीत लिफ्ट आहे का हो?" एकदा त्याने विचारलं.

"नाही. तिसरा मजला, आणि जिना."

"अरेरे. म्हणजे मला यायला निमित्तच नाही."

"लिफ्ट असून भागलं नसतं. बिघडावी लागली असती."

"बिघडवली असती," तो शांतपणे म्हणाला आणि पुढे पळाला. मागून त्याचे कान लाल झालेले दिसत होते.

दुसऱ्या एका रविवारी सांगत होता, "लिफ्टमध्ये अडकलेला माणूस फोनवर विचारतो, किती वेळ? मी 'आलोच' कधी म्हणत नाही. चाळीस मिनिटं तर चाळीस. त्या खोक्यात बसलेल्याजवळ तेवढीच एक वस्तू असते... आकडा. तो तरी खरा हवा."

मला तो आधीपासून आवडत होता. त्या दिवशी ते माझं मलाच कबूल करावं लागलं.

आणि त्याच्या पुढच्या रविवारी सगळं उलटंपालटं झालं.

धावून झाल्यावर आम्ही मैदानात पाय ताणत बसलो होतो. बँडमास्तरांनी विचारलं, "मिस्त्री, डाव्या पायावर जरा कलून पळतोस, ते का रे?"

"त्या पायाची दोन बोटं बर्फाने नेली," तो म्हणाला. जेवणात मीठ कमी आहे म्हणावं, तशा आवाजात. "टेहळणीला गेलो होतो. भर दुपारी कडा कोसळला, पाय दगडाखाली. जवळ फक्त सेट. पलीकडे एक बाई होती. म्हणाली, मदत वीस मिनिटांत पोचेल. वीस झाली. पुन्हा विचारलं... वीस मिनिटं. असं तिने नऊ वेळा सांगितलं. माणसं आली तीन तास दहा मिनिटांनी."

"सेटवर नाव काय होतं तुझं?" कॅप्टनबाईंनी विचारलं.

"टिटवी-तीन."

सगळे हसले. एवढा उंच गडी, आणि टिटवी. मी खाली वाकले आणि बुटाची नीट बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले.

टिटवी-तीन.

ती खोली मला कोपऱ्यान् कोपरा पाठ होती. भिंतीवरचा नकाशा, टेबलावरचा सेट, आणि साहेबांनी लिहून ठेवलेली चिठ्ठी — 'वीस मिनिटं सांग. खचू देऊ नकोस.' गाडी ठाण्यातून हललीही नव्हती. मला ते ठाऊक होतं, आणि नऊही वेळा ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी माझी बदली झाली. माणसं पोचली एवढं कळलं होतं. ज्याच्यासाठी पोचली तो जगला की नाही, हे विचारायची छाती झाली नाही. त्यानंतर आठ वर्षं रोज पहाटे मी देवाकडे एकच मागत आले होते. टिटवी-तीन जिथे असेल तिथे सुखरूप असू दे.

तो माझ्यापासून चार हातांवर पोटऱ्या चोळत बसला होता.

"ती बाई भेटली तर काय करशील?" कॅप्टनबाई म्हणाल्या.

"एक प्रश्न विचारायचाय." या वेळी तो हसला नाही.

"काय?"

"तो तिलाच विचारीन."

खोटं बोलायचं नाही असा माझा नेम होता. गप्प बसायचं नाही असा नव्हता. ही पळवाट होती, आणि ती मी चार रविवार वापरली. दर रविवारी घरातून निघताना ठरवायचे, आज सांगायचं. मैदानात तो दिसला की मी बँडमास्तरांच्या जोडीला मागे राहायचे. सेटवर सगळ्यांचाच आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा यायचा. मी होऊन सांगितल्याशिवाय त्याला कळणार नव्हतं. आणि सांगितलं की संपलं... अडकलेल्या माणसाला खोटा आकडा देणाऱ्या बाईबरोबर हा माणूस एक पाऊल तरी धावेल का?

"हल्ली तुम्ही माझ्या पुढे असता, नाहीतर मागे," तो एकदा म्हणाला. "बरोबर कधीच नाही."

"बोलताना दम लागतो."

ते खरं होतं. पुरतं खरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे देवापुढे माझी मान वर झाली नाही.

पण त्या रविवारी तो माझ्या बरोबरीने धावत राहिला. मग म्हणाला, "कालव्याची दौड होऊ दे. मग तुमच्याशी एक बोलायचंय."

"मलाही."

"तुम्ही आधी बोला."

"नको," मी म्हणाले. "दौड झाल्यावर."

कालव्याची दौड एकवीस किलोमीटरची. त्या दिवशी पहाटेपासून बारीक, बोचरा पाऊस लागला होता आणि वारा तंबूच्या कनाती फडफडवत होता. मी तंबूत बसून पोचलेल्यांच्या क्रमांकांवर खुणा करत होते. सगळ्यांच्या मागून यायचं काम मिस्त्रीकडे होतं. कुणी मागे राहता कामा नये. शेवटी अर्थातच बँडमास्तर.

अकराच्या सुमाराला कॅप्टनबाईंच्या हातातला सेट खरखरला.

"मिस्त्री बोलतोय. सतराव्या किलोमीटरला काठ खचला. मी खाली घसरलोय, पाय मोडलाय बहुतेक. बँडमास्तर वर आहेत. धड आहेत, पण चिंब भिजलेत. गाडी पाठवा."

कॅप्टनबाईंनी दोन फोन केले. अलीकडच्या छोट्या पुलावर पाणी चढलं होतं. गाडीला खाणीवरून वळसा घालून जावं लागणार होतं. पन्नास मिनिटं.

"खाणीचा रस्ता मला माहीत आहे, मी गाडीबरोबर जाते," त्या रेनकोट चढवत म्हणाल्या. त्यांच्याजवळ दुसरा सेट होता. हातातला त्यांनी माझ्यापुढे धरला. "हा तू घे."

"मी... नको."

"वायरलेसवर नोकरी केलेली इथे दुसरी कोण आहे? बाकीचे धावणाऱ्यांसाठी केळी सोलतायत." निघता निघता त्या वळल्या. "आणि हे बघ, पन्नास सांगू नकोस. वीस मिनिटं सांग. खचायला नको पोरगा."

सेट थंड होता आणि आठवणीतल्यापेक्षा हलका. अंगठ्याने बटण आपोआप शोधलं. जुनी वाक्यं आपोआप आली.

"ठाण्यावरून बोलतेय. तुमचा आवाज स्वच्छ येतोय."

पलीकडे नुसता पाऊस.

"...परत बोला."

"ठाण्यावरून बोलतेय."

पुन्हा पाऊस. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मग तो म्हणाला, अगदी हळू, "बाई... वीस मिनिटं ना?"

तंबूतली माणसं माझ्याकडे बघत होती. कुणाच्या लक्षात काही आलं नव्हतं. मला वाटलं, माझ्या पायाखालचाही काठ खचला.

"नाही," मी म्हणाले. "पन्नास मिनिटं. पूल पाण्याखाली आहे, गाडी खाणीवरून येतेय. आत्ता कुठे निघाली. पन्नासच्या आत येणार नाही."

"खरं?"

"खरं."

"मग मास्तरांना इथे बसवून चालणार नाही. या गारठ्यात पन्नास मिनिटं बसले तर त्यांनाच उचलून न्यावं लागेल. पुढे पंपघर आहे ना?"

"सहाशे मीटर. छप्पर आहे, दार उघडं असतं. चढ नाही."

पलीकडे थोडी खडाजंगी झाली. 'माणूस टाकून मी जात नसतो', हे बँडमास्तरांचं वाक्य वाऱ्यातूनही ऐकू आलं. शेवटी गेले. दहा मिनिटांनी सेटमधून, लांबवर शिट्टीवर वाजणारी एक कवायतीची चाल ऐकू आली. म्हणजे मास्तर छपराखाली पोचले.

"आता मी एकटा," मिस्त्री म्हणाला.

आता बोलले नसते, तर पुन्हा कधीच बोलले नसते.

"नऊही वेळा मीच होते," मी म्हणाले. "गाडी निघालीच नव्हती. मला माहीत होतं. चार रविवार झाले तुम्ही कोण ते कळून, तेही मी लपवलं. आता तुम्हाला जे म्हणायचंय ते म्हणा... मी सेट ठेवणार नाही."

"दुसऱ्या वेळेलाच कळलं होतं मला," तो म्हणाला. "पलटणीत कुठली गाडी वीस मिनिटांत येते हो?"

"मग पुढे सात वेळा कशाला विचारलंत?"

"उत्तर देण्याआधी तुम्ही जरा थांबायचात. दर वेळी आदल्या वेळेपेक्षा जास्त. वाटायचं, पलीकडे कुणाला तरी खोटं बोलताना जड जातंय... माझ्यासाठी. तेवढ्यावर माणूस तग धरतो."

मी सेट कानाशी आणखी जवळ धरला.

"आणि तो प्रश्न?" मी कसंबसं विचारलं.

"हां. प्रश्न." तो थांबला. वेदनेने असावं, श्वास तुटक येत होता. "तीन तास दहा मिनिटं एकच आवाज होता. सुटी द्यायला दुसरं कुणी आलं नाही. त्या खोलीत... तुमच्याजवळ कुणी होतं का?"

आठ वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आईने नाही, साहेबांनी नाही, मी स्वतःलाही नाही.

"नाही," मी म्हणाले. "चिठ्ठी ठेवून गेले सगळे. एकटीच होते."

"वाटलंच होतं." मग, "आणि आज?"

मी मान वर केली. "आज सात जण आहेत. त्यांचं केळी सोलणं थांबलंय."

"आणि गाडीत आम्ही तिघं," मध्येच कॅप्टनबाईंचा आवाज आला. "आम्ही ऐकत नाही आहोत. खाण ओलांडली. वीस मिनिटं..." त्या अडखळल्या. "नाही. चोवीस."

पावसातून तो हसलेला ऐकू आला. ती चोवीस मिनिटं आम्ही काय बोललो, ते सात अधिक तीन माणसांना माहीत आहे. मी वेगळं सांगत नाही.

चौथ्या दिवशी पहाटे मी देवापुढे बसले होते. तोंडात तेच शब्द आले, सवयीने. फोन वाजला.

"उठलात?" पायाला प्लास्टर घालून तो आदल्या संध्याकाळीच घरी आला होता.

"जप चालला होता."

"कुणाचा?"

काहीही सांगता आलं असतं. देवाची नावं काय थोडी आहेत? पण नेम तो नेम.

"टिटवी-तीनचा," मी म्हणाले. "रोज असतो. आठ वर्षं झाली."

पलीकडे कुबडी ओढून घेतल्याचा आवाज आला.

"वीस मिनिटांत येतो," तो म्हणाला.

"एका पायाला प्लास्टर आहे. तीन मजले आहेत. लिफ्ट नाही."

"मग किती सांगू?"

"खरं सांगा."

त्याने मनातल्या मनात हिशेब केला असावा. रस्ता, कुबड्या, पायऱ्या. "पंचावन्न मिनिटं."

आई स्वयंपाकघरातून डोकावली. माझा चेहरा बघून काही न विचारता तिने एक पेला जास्त काढला. मी दाराची कडी काढून ठेवली आणि घड्याळासमोर बसले.

त्रेपन्नाव्या मिनिटाला जिन्यात कुबडीचा आवाज आला.