पुसलेली चक्की

धम्मशीलाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सगळ्या डोणगावाला ठाऊक. आयर्लंडला दोन वर्षं नर्सची नोकरी करून आली, तरी तो जागचा हलला नव्हता. सुट्टीवर आलेली ही पोरगी दुसऱ्याच सकाळी आईनं तिकडं पाठवलेला मसाल्याचा डबा काखोटीला मारून माणिकरावांच्या चक्कीवर निघाली... भांडायलाच.

आत मशीनपाशी उभा होता माणिकरावांचा मुलगा, प्रसेनजित. तिचं पाऊल दारातच अडलं. हा तर पुण्याला होता ना? शाळेपासून तिच्या मागं-मागं फिरलेला, आणि ती परदेशी निघाली त्या दिवशी बसस्टँडवर तोंडसुद्धा न दाखवलेला.

"तू... कवा आली?"

"काका कुठं हायेत?"

"बाबाचे गुडघे गेले. वर्षापासून मीच चालवून राह्यलो."

"म्हणजे हे तुयंच काम." तिनं डबा त्याच्यापुढं आदळला. "घे वास. काय मिसळलं याच्यात?"

प्रसेनजितच्या भुवया चढल्या. चक्कीवाल्याला याहून मोठी शिवी नाही.

"तोंड सांभाळून बोल, धम्मा. तुया आईनं, जनकामावशीनं भाजून आणला, तसाच दळून देल्ला."

"मंग वास कुठं गेला?"

भांडायला आलेल्या त्या आवाजाला इथं मात्र कंप सुटला. तो लपवायला ती आणखीच जोरात बोलली.

"पहिल्या वर्षीचा डबा उघडला का मी इथं यायची. बाहेर थंडी, भिंतीले ओल, शेजारचं कोणी नावानं हाक मारत नाही... अन् झाकण काढलं का डोणगाव. बाजाराची गल्ली, माणसं, सगळं. यंदाचा उघडला तं नुसता मसाला. ओट्याले टेकून रडली मी. ठाऊक आहे तुले?"

प्रसेनजित गोंधळला. "पण मी तं... तुया मसाल्यासाठी सारी चक्की खोलली. ब्रशनं घासली, पुसली, मंग दळला. एवढ्या दूर जाते म्हटलं, दुसऱ्या कोणाचा कण नको त्याच्यात."

धम्मशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चक्कीत आधीच्या बाईचा मसाला थोडा राहतोच आणि पुढचीच्या डब्यात जातो. त्यावरून गावात कधी कोणी हुज्जत घातली नव्हती. झुंबरबाईची जहाल मिरची, रेणुकाचं मूठभर जास्तीचं दगडफूल, कोणाचं करपलेलं खोबरं... तिच्या डब्यातून आयर्लंडला सगळी गल्ली यायची. आणि या शहाण्यानं ती ब्रशनं घासून काढली होती.

"सारं गाव पुसून टाकलं बे तू," ती म्हणाली.

"मले काय ठाऊक..."

"सगळ्यांसाठी घासतो?"

"नाही."

"मंग माह्याच वेळेस काऊन?"

प्रसेनजित वळला आणि रांगेत बसलेल्या झुंबरबाईची मिरची घालून त्यानं मशीन सुरू केलं. घरघराटात तो काहीतरी पुटपुटला. धम्मशीला तरातरा पुढं गेली, बटण बंद केलं.

"मशीनच्या आवाजात बोललेलं मले चालत नाही. बसस्टँडवर तं आलाच नाही."

"आलो होतो." त्याची मान खाली. "रसवंतीच्या मागं उभा होतो. पुढं आलो असतो तं 'जाऊ नको' म्हटलं असतं. तू एवढं शिकली, मेहनत केली... माह्या एका शब्दानं अडली असती तं?"

"अडली असती का नसती, ते मी पाह्यलं असतं. तू कोण ठरवणार?" तिचे डोळे भरले, पण राग तसूभर उतरला नाही. "दोन वर्षं मले वाटलं, याच्या मनात काहीच नव्हतं. मीच येडी."

झुंबरबाईनं ठसका देत पदर नाकाला लावला. "बापा, बोलून टाक लवकर. माही मिरची अर्धी आत आहे."

प्रसेनजितनं मान वर केली. कानापर्यंत लाल झाला होता गडी.

"आवडते तू मले, धम्मा. तवाही आवडत होती. जाशील तं जा, नोकरी सोडू नको... पण मी वाट पाहून राह्यलो, हे ठाऊक असू दे."

तिनं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"वाट कायले पाह्यतो?" ती फणकारली. "संध्याकाळी काकाले घेऊन घरी ये. अन् आईपुढं गप बसला तं पाह्य."