लाइनवर माणूस आहे

त्या उन्हाळ्यात पारा शेहेचाळीसच्या खाली उतरायचं नाव घेत नव्हता. सबस्टेशनच्या कंट्रोल रूममधला पंखा गरम हवाच इकडची तिकडे करत होता. ओला टॉवेल मानेवर टाकून ऑपरेटर येरझारा घालत होते. सगळे लाइनमन त्यांना काका म्हणत. माणूस एरवी थंड डोक्याचा, पण आज पायाला भिंगरी लागली होती. त्यांची लेक दोन दिवसांपूर्वी सातव्या महिन्यातच बाळंत झाली होती. दीड किलोची नात दवाखान्यात काचेच्या पेटीत, श्वासाच्या मशीनवर होती.

चारच्या सुमारास आभाळ पिवळं पडलं आणि बघता बघता वादळ आलं. पाऊस नाहीच, नुसती धूळ. खिडक्या थडाथडा आपटल्या, कालव्याजवळ झाडाची फांदी तारांवर कोसळली आणि दवाखान्याकडे जाणारी लाइन बंद झाली. चार लाइनमन निघाले. जाताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला पॅनलच्या हुकात अडकवला. हुकात एक जरी बिल्ला असला, तरी स्विचला हात लावायचा नाही. त्याहून मोठा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता. लाइनवर माणूस आहे असं कोणी नुसतं म्हटलं, तरी थांबायचं. अठ्ठावीस वर्षांत काकांनी तो मोडला नव्हता, आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता.

तासाभराने लेकीचा फोन आला. "बाबा, जनरेटर पण बंद पडलाय. सिस्टर हाताने पंप करतायत."

"आलीच समज लाइट," काका म्हणाले.

तेवढ्यात चौघं परतले, डोक्यापासून पायापर्यंत धुळीने माखलेले.

"फांदी काढली, तार जोडली. सोडा लाइन," त्यांच्यातला मुकादम म्हणाला. चौघांनी आपापले बिल्ले काढून घेतले. हुक रिकामे झाले.

काकांनी स्विचवर हात ठेवला, आणि टेबलावरचा फोन वाजला.

"काका... सोडू नका. मी वर आहे."

आवाज कोवळा, दमलेला. मागे वाऱ्याचा घुंघुं आवाज.

"कोण बोलतंय?"

"कालव्याजवळच्या खांबावर आहे मी... हाताला घाम सुटलाय. कमरेचा पट्टा निघत नाही."

फोनवर तळवा ठेवून काकांनी मुकादमाला विचारलं, "तिथे कोणाला सोडून आलात?"

"चार गेलो, चार आलो. कोणीतरी टवाळी करतंय, काका."

"तरी बघून ये."

मुकादम कुरकुरत मोटारसायकलकडे गेला. जायलाच दहा मिनिटं लागणार होती. तो फाटकाबाहेर पडतो न पडतो, तोच खिशातला मोबाइल वाजला.

"बाबा... ती निळी पडतेय."

काकांनी टेबलावरचा फोन पुन्हा कानाला लावला. "पोरा, उतर. असशील तसा उतर."

"उतरतोय, काका... जरा थांबा..."

काकांनी फोन खाली ठेवला. हळूच ठेवला, कोणी झोपलेलं असावं तसा. मग डोळे मिटून स्विच फिरवला.

धाडकन आवाज झाला. मीटरचा काटा एकदा वर उसळला, थरथरला आणि जागेवर आला. लाइन टिकली. खोलीतले तिघे एकमेकांकडे बघेनात. काका टॉवेल तोंडावर दाबून उभे राहिले. आपण काय केलं ते त्यांना पक्कं कळत होतं, आणि पुन्हा वेळ आली तर हेच करू, हेही कळत होतं.

थोड्या वेळाने मुकादमाचा फोन आला. "खांबावर कोणी नाही, काका. खालीही नाही. उगाच जीव काढलात माझा."

काका खुर्चीत बसले आणि चक्क रडले. लाज वाटली नाही. पाठोपाठ लेकीचा फोन आला. तीही रडत हसत होती.

"रंग आला, बाबा. मशीन चालू आहे. सिस्टर म्हणतात, आता भीती नाही."

"देव पावला, बाळ."

"आणि तुम्ही पाठवलेला माणूसही पोचला."

"कोणता माणूस?"

"तुमच्याच खात्यातला दिसतो. कमरेला पट्टा आहे. हात कोपरापर्यंत काळे झालेत, पण मलम लावून घेत नाही." तिचा आवाज खाली आला. "म्हणाला, काकांना सांग, मी उतरलो."

काका खुर्चीतून उठले. "कुठे आहे तो?"

"पेटीपाशी. काचेला हात टेकून उभा आहे... आणि बाबा, ही डोळे उघडून त्याच्याकडेच बघतेय."

"त्याला जायला सांग. आत्ता..."

"सांगितलं," लेक कुजबुजली. "तो म्हणतो, मला आता कसलीच घाई नाही."