बोया सरकला!

"सुकाणू रूपर्ट धरणार!" आजोबांनी जाहीर केलं आणि मेरिनचं तोंड कडूजार झालं.

रूपर्ट! तिचा मावसभाऊ, सुट्टीपुरता लंडनहून आलेला. पोर्थवेनच्या खाडीत वाढली ती, आणि शर्यतीत आजोबांची होडी चालवणार तो!

"अशी बघू नकोस, जळून राख होईल बिचारा!" तिचा धाकटा भाऊ पेट्रॉक खिदळला.

"गप वल्ही उचल!"

आजोबा, म्हणजे नौदलातले निवृत्त कॅप्टन कारव्होसो, पंच म्हणून पलीकडच्या धक्क्यावर गेले. मेरिन आणि पेट्रॉक आपल्या छोट्या नावेतून खाडीच्या तोंडाशी आली. तिथल्या तांबड्या बोयाला, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या खुणेला, वळसा घालून होड्या परतणार होत्या. बोयाच्या अलीकडे, पाण्याखाली, खडक होता.

मेरिन एकदम ताठ बसली. चर्चचा मनोरा दीपगृहामागे दडला की खाली खडक, हे आजोबांनीच शिकवलं होतं. आत्ता मनोरा दिसत नव्हता, आणि बोया तर त्यांच्याही अलीकडे, खाडीच्या आत डुलत होता! म्हणजे त्याला वळसा घालणारी होडी थेट खडकावर येणार!

"पेट्रॉक, परवाच्या वादळात बोया सरकलाय!"

बंदराधिकारी नॅनकॅरोसाहेब जवळच लाँचमध्ये पॅस्टी, म्हणजे तिकडची खिम्याची करंजी, खात बसले होते. मेरिनने ओरडून सांगितलं, तर ते हसले. "माझा बोया हलत नसतो, पोरी! भावाची शर्यत मोडायचीय ना तुला?"

मेरिनचे कान तापले. तेवढ्यात शिडं दिसली. सगळ्यांत पुढे रूपर्ट!

आपटू दे! सगळ्या गावासमोर आपटू दे! क्षणभर ती खरोखरच गप्प बसली. पण रूपर्टला नीट पोहता येत नव्हतं.

"नांगर टाक! इथेच, खडकावर!" ती पेट्रॉकवर ओरडली.

"बाजूला हो!" रूपर्ट किंचाळला. "मी जिंकतोय ते बघवत नाही तुला!"

"नाहीच बघवत! पण खाली खडक आहे, बावळटा!"

पेट्रॉकने वल्हं सरळ पाण्यात रोवलं. खट्! ते गुडघाभरही बुडलं नाही. रूपर्टचा चेहरा पांढरा पडला. त्याने सुकाणू जिवाच्या आकांताने फिरवलं आणि नावेच्या बाहेरून वळसा घेतला. मागच्या होड्याही तशाच वळल्या.

"थांबा, कार्ट्यांनो!" नॅनकॅरोसाहेब लाँच दामटत आले आणि खर्रर्र! लाँच खडकावर, साहेब पाण्यात!

धक्क्यावर चषक रूपर्टलाच मिळाला. टाळ्या सुरू होताच मेरिनने पाठ फिरवली. आजोबा शेजारी येऊन उभे राहिले.

"माझे दोस्त लढाऊ जहाजांवर पदकं मिळवायचे, आणि मी उन्हात पाण्याची खोली मोजून नकाशे काढायचो. काय जळायचो मी त्यांच्यावर!"

"मग?"

"मग ते माझे नकाशे बघत सुखरूप घरी आले. आज तू तेच केलंस. शाब्बास!"

निथळणारे नॅनकॅरोसाहेब पुढे झाले. "चुकलो, पोरी. बोया कुठे ठेवायचा, दाखवशील?"

"उद्या खडक नव्याने मोजू," आजोबा म्हणाले. "खोली मोजायचा दोर मेरिनच्या हातात!"

रूपर्टने चषक खाली ठेवला. "मी... मीपण येऊ?"

मेरिनने त्याला चांगलं ताटकळत ठेवलं.

"ये. पण वल्ही तू मारायची!"