वेन-खायचा कॉम्प्युटर चालू राहिला ती रात्र

रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी हे सुरू झालं. तारीख सहा नोव्हेंबर. आमच्या मागच्या गल्लीतली युए-चिन तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात खाऊचं हिरवं पाकीट घ्यायला गेली होती.

हे मला माझ्या सासऱ्यांनी सांगितलं. तैवानमधल्या च्यायीत तीस वर्षं त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काल जेवणं झाल्यावर दारात बसून ते नातवंडांना सांगत होते. मी बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होते.

युए-चिनचा नवरा वेन-खाय ट्रकवर होता. अपघातात गेला, त्याला त्या रात्री सातवा दिवस. सातव्या रात्री गेलेला माणूस घरी येतो म्हणतात. तो आठवडाआठवडा बाहेर असायचा, म्हणून लेकीसाठी त्यानं कॉम्प्युटरवर स्वतःच्या आवाजात गोष्टी भरून ठेवलेल्या. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. शेवटचा घरून निघाला तेव्हा कॉम्प्युटर उघडा राहिला, तेवढंच. तासभर हात लावला नाही की तो पासवर्ड मागणार. म्हणून युए-चिन सहा दिवस दर तासाला माउस हलवत होती. रात्रीसुद्धा, गजर लावून.

मोठा नातू आजोबांना म्हणाला, "आ-कोंग, पासवर्ड तोडता येतो की."

"येतो ना. तू ये उद्यापासून दुकानात, मी घरी झोपतो."

सगळे हसले. सासरे हसले नाहीत.

"क्रियाकर्माच्या धांदलीत गोष्टी दुसरीकडे उतरवून घ्यायचं तिला सुचलं नाही. त्या संध्याकाळी तिचा फोन आला. मी म्हणालो, सकाळी आठला येतो, तोवर बंद होऊ देऊ नकोस. वर हिरवं पाकीट ठेव."

आमच्याकडे यंत्र शहाण्यासारखं चालावं म्हणून ते पाकीट वर ठेवतात. दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे. हिरवंच हवं, तारीख न संपलेलं.

पाकीट ठेवताना तिची सासू म्हणाली, "बंद कर गं. आज तो येणार. जेवेल आणि जाईल. खुर्चीपुढे उजेड दिसला तर बसेल."

"आई, बंद केला तर त्याचा आवाज गेला. आ-लिंग चार वर्षांची आहे. तिला काय आठवणार?"

"मेलेल्याचा आवाज ठेवून काय करशील?"

युए-चिननं वेन-खायचं ताट वाढलं. अकराला तिनं माउस हलवला. मग सगळे झोपायला गेले. त्या रात्री घरच्यांनी पांघरुणातून तोंड काढायचं नसतं. येणाऱ्याला पाहायचं नसतं.

बाराला दाराच्या फटीतला उजेड विझला.

कॉम्प्युटर लॉक झाला होता. ती पांघरुणात रडली. आवाज न करता.

एक वाजून दहा मिनिटं. बाहेरच्या खोलीत खुर्ची करकरली.

मग बटणं. एक... दोन... तिनं मोजली. आठ. मग एक मोठं.

उजेड आला.

"ऐक हं आ-लिंग. एक होतं कासव..."

वेन-खायचा आवाज. रोजचीच गोष्ट. आ-लिंग उठून बसली.

गोष्ट थांबली.

"इकडे ये. मांडीवर बस."

हे गोष्टीत नव्हतं.

पोर पलंगावरून उतरली. युए-चिननं तिला काखेत धरलं. डोळे मिटून बाहेर गेली. भिंत चाचपली. प्लग उपटला. कॉम्प्युटरचा पंखा थांबला. अंधार.

"...बस ना."

खुर्चीतून.

 

"मग?" नातवानं विचारलं.

"मग काय. सकाळी आठला मी गेलो. डिस्क कोरी होती. एकही गोष्ट नाही."

"आणि आ-लिंग?"

"ती आता गोष्ट मागत नाही कुणाकडे. रात्री त्या खुर्चीपाशी जाऊन बसते. ऐकल्यासारखी..."

"ते पाकीट मी उचललं," सासरे म्हणाले. "दोन्ही टोकं बंद. कुठे फाटलेलं नाही. आत काही नव्हतं."

उठताना ते हळूच म्हणाले, "चालू ठेव असं मीच सांगितलं होतं तिला."

घरात आल्याबरोबर मी नवऱ्याकडून पासवर्ड कागदावर लिहून घेतला, आणि त्याच्याच हातानं कॉम्प्युटर नीट बंद करवला. आमच्याही कॉम्प्युटरवर हिरवं पाकीट आहे. तारीख वाचली, मार्चपर्यंतची आहे. उचलून मात्र पाहिलं नाही.

तुमच्या घरातलं माणूस पासवर्ड डोक्यात ठेवून बाहेर पडत असेल, तर आजच लिहून घ्या. आणि चार जणींना सांगा.