फुलाबाईंची खिडकी

ही गोष्ट घडलेली आहे. ऐकणारे हसले, तरी सांगताना झीनत मॅडमनी आजवर एक शब्द बदललेला नाही.

गेल्या फेब्रुवारीतला गुरुवार. दुपारचे सव्वादोन. सोलापुरातल्या एका कॉलेजची दुसऱ्या मजल्यावरची डिझाइन लॅब.

झीनत मॅडम तिथे डिझाइन थिंकिंग शिकवत. त्यांचा पहिला नियम, घर ज्याचं त्याला आधी विचारायचं, मगच पेन्सिल उचलायची. त्या वर्षीचं काम होतं शहराजवळच्या कुंभारीतलं विडी कामगाराचं एक रिकामं घर सुधारायचं. मुलांनी मोजमापं घेऊन ते व्हीआरमध्ये उभं केलं होतं. हेडसेट घातला की माणूस थेट त्या खोलीत.

पण विचारायचं कोणाला? घरात कोणी राहतच नव्हतं. वर्गातल्या उर्वीने मुलाखत हॉस्टेलवर बसूनच लिहून टाकली. नाव फुलाबाई. वय बावन्न. विड्या वळते. गरज, मागच्या भिंतीत खिडकी.

मॅडमना हे कळलं त्या दुपारी. तिकडे कुंभारीत धनाजी गवंड्याने खिडकीसाठी भिंतीला हात घातलाही होता.

"अगं, अख्खी बाई मनाने रचलीस?"

"सबमिशन होतं ना, मॅडम. आणि खिडकी कोणाला नको असते?"

"जा, तिच्या जागी बस. मग सांग मला."

उर्वी हेडसेट घालून फरशीवर मांडी घालून बसली.

एक मिनिट गेलं... दोन...

तिची बोटं हलू लागली. पान, तंबाखू, वळण, दोरा. हातात काहीच नव्हतं. उर्वीने जन्मात कधी विडी वळली नव्हती.

"उर्वी?"



मॉडेलमध्ये आवाज भरलेलाच नव्हता. तरी हेडसेटमधून ऐकू आलं... ठक. ठक. भिंतीवर, बाहेरून.

मॅडमनी हेडसेट काढून घेतला.

उर्वीचे डोळे मिटलेले. बोटं चालूच.

"खिडकी नगं," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता.

सवयीने मॅडमच्या तोंडून गेलंच, "का?"

"ते आत येत्यात."

मॅडमनी धनाजीला फोन लावला. "थांबा! भिंत फोडू नका!"

"आवं मॅडम, हितं आधीच खिडकी हाय की. विटांनी बुजवलेली... आतनं."

"हात लावू नका!"

"फोडली बी. लई गार वारं यायलंय बगा."

लॅबबाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं.

उर्वीची बोटं थांबली. तिने डोळे उघडले. आता तीच होती.

"फुलाबाई गेली, मॅडम. पळाली."

"आणि?"

"मला म्हणाली... आता तू बस."

धनाजीने संध्याकाळच्या आत खिडकी परत बुजवली. या खेपेला बाहेरून. आत उभं राहून विटा लावायला एकही माणूस तयार होईना.

उर्वी बरी आहे. हसते, बोलते, नोकरी करते. मॅडम रोज फोन करून तिचा आवाज ऐकतात.

एक मात्र त्यांनी तिला अजून विचारलेलं नाही. खिडकी उघडी होती त्या काही तासांत जे आत आलं... ते परत बाहेर गेलं का?