बोलका आणि रंधा

“बराच वेळ बसलात. आता निघा.”

ती दचकली. वाचा-उपचार केंद्राच्या बाहेरच्या खोलीत ती आत्ता कुठे टेकली होती. मांडीवर वडिलांसाठी आणलेल्या ड्रेसिंगची न उघडलेली पाकिटं होती. कुणाच्या तरी उपयोगी पडतील म्हणून ती इथे द्यायला आली होती. शेजारी आखूड पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. बोलल्या त्या नव्हत्या, त्यांच्या हातातला फोन बोलला होता.

“माफ करा हं,” पलीकडे बसलेला तरुण गडबडून म्हणाला. “मावशी आहे माझी. तिला पाणी हवंय. शेजारच्या चौकोनाला बोट लागलं.”

मावशी हसत होत्या. त्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे गदगदत होते. तिला मात्र हसू येईना. ते वाक्य तिच्या वडिलांचं होतं.

वडील भूगोल शिकवायचे. त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंतच काय, शेजारच्या वर्गातही पोचायचा. घशाच्या शस्त्रक्रियेत तो गेला. लेक प्रोग्रॅमर. तिने हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून घाईघाईने एक ॲप लिहिलं – पडद्यावर चौकोन, चौकोनाला बोट लावलं की फोन ते वाक्य बोलणार. वाक्यं वडिलांनीच पाटीवर लिहून दिली. पाणी. पंखा बंद कर. चहात साखर घाल, डॉक्टरांना सांगू नकोस. आणि भेटायला येऊन ठाण मांडणाऱ्यांसाठी ते खास वाक्य. ॲपचं नाव तिने ‘बोलका’ ठेवलं. वडील गेल्यावर, प्रोग्रॅमर मंडळी आपला कोड सगळ्यांसाठी खुला ठेवतात तिथे, तोही ठेवून दिला. नावाच्या जागी वडील तिला हाक मारायचे तेवढंच लिहिलं – खारूताई.

मग ‘रंधा’ आला. त्या जागी तो याच नावाने लिहायचा, आणि दुसऱ्याचा कोड तासून काढण्यात त्याची ख्याती होती. त्याने बोलक्याची ओळ न् ओळ चारचौघांत सोलली. सगळ्यांत गाजलं ते एक वाक्य : बोट लावल्यावर हा प्रोग्रॅम लगेच न बोलता उगीच थांबून राहतो, लिहिणाऱ्याला आधी घड्याळ दाखवा आणि मग दार. लोक पोट धरून हसले. ते फिरत फिरत तिच्या ऑफिसातही आलं. हा कोड आपला आहे हे न सांगता, जेवणाच्या टेबलावर तीही सगळ्यांबरोबर हसली. टीकेपेक्षा स्वतःचं ते हसणंच तिला जास्त लागलं होतं.

येत्या रविवारी बोलका तिथून काढून टाकायचा, हे तिने ठरवून टाकलं होतं.

“पण ते लगेच कसं बोललं?” तिने त्या तरुणाला विचारलं. “मध्ये थांबायला हवं होतं.”

त्याचा चेहरा उजळला. तुम्हीही वापरता तर, असं म्हणून तो उत्साहाने सांगू लागला. मुळात तो थांबा होता, पण आपण मावशीच्या फोनमधून तो काढून टाकला. आता कसं, बोट लावलं की बोललं! नाही म्हणायला मागच्या भेटीत मावशीने डॉक्टरांनाच ‘आता निघा’ म्हटलं होतं, आणि घरमालकांनाही… तो बोलता बोलता अडखळला.

“आजारी माणसाचा हात कापतो,” ती म्हणाली. “भलत्याच चौकोनाला बोट लागतं. त्या थांब्यात पडद्यावर कुठेही हात टेकला की वाक्य रद्द होतं. म्हणून ठेवला होता.”

तो मावशींच्या हाताकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

“खारूताई?” त्याने हलकेच विचारलं.

त्या उतरलेल्या चेहऱ्यावरून तिलाही कळलं.

“तुम्ही रंधा.”

त्याने नुसती मान हलवली. तिने आवाज चढवला नाही. काळजी करू नका, रविवारी ते सगळं मी काढून टाकतेय, परत कुणाच्या डोळ्यांना त्रास होणार नाही, असं सरळ सांगून ती पाकिटं सावरत उठली.

मावशींचं बोट पडद्यावर धडपडू लागलं. “पाणी,” फोन म्हणाला. “पंखा बंद कर. पाणी.” आणि मग –

“मला अजून बोलायचंय.”

तेही वडिलांचंच. वाद घालताना ती पाठ फिरवायची, तेव्हाचं. ती पुन्हा खुर्चीत बसली. मावशींच्या भाच्याने उठून पाणी आणलं. आधी मावशीला दिलं, मग तिला.

त्या रात्री त्याने आपल्या टीकेखाली माफी लिहिली, तीही गुळमुळीत नाही. ज्याला मी हसलो तीच या प्रोग्रॅममधली सगळ्यांत शहाणी गोष्ट होती, का ठेवलीय हे न विचारता मी ती काढली आणि माझ्या मावशीने डॉक्टरांना हाकललं, असं लिहिलं. जुने शब्द पुसले नाहीत. दिसू देत, म्हणाला. या वेळी लोक त्याला हसले. तिच्याकडे त्याची वेगळी चिठ्ठी आली : बाकीचे मुद्दे आता माणसासारखे मांडलेत, वाटलं तर बघा.

रविवार आला. तिने बोलका काढणं पुढच्या रविवारवर ढकललं आणि त्याला कॉफीला बोलावलं.

बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता, काचेवर थेंब चिकटून बसले होते. दोन कपांच्या मध्ये लॅपटॉप. तिने त्याला त्याचीच टीका मोठ्याने वाचायला लावली.

“नको ना.”

“वाचा. लिहिताना लाज वाटली नव्हती.”

तो पुटपुटला, “कोडमधली ही नावं… झोपलेल्या माणसाने दिली असावीत.”

“बरोबर ओळखलंत. मी खरंच झोपेत होते. हॉस्पिटलच्या बाकावर, बसल्या बसल्या.”

त्याने मान खाली घातली. तिने हळूच बघितलं, तर त्याचे कान लाल झाले होते. माणूस वाईट नव्हता, नुसता आगाऊ होता. आणि त्याचे बरेचसे मुद्दे बरोबर होते, हे तिने दुसऱ्या कपाच्या वेळी कबूल केलं. एक ओळ दाखवताना त्याचं कोपर तिच्या कोपराला लागलं. कुणीच हात मागे घेतला नाही. ओळ मात्र दोघांनाही पुन्हा वाचावी लागली.

मग असे रविवार होत गेले. कधी कॉफीच्या दुकानात, कधी मावशींच्या घरी, शिवणयंत्राशेजारच्या टेबलावर. थांबा मावशींच्या फोनमध्ये परत बसला. मावशींनी नवं वाक्य मागितलं. एकेक अक्षर दाखवत तिच्याकडून ते घालून घेतलं. तो चहा घेऊन आला तेव्हा मावशींनी ते ऐकवलं : “हा मुलगा दिसतो तितका वाईट नाही.” हात कापला, असं त्यांनी खुणेने सांगितलं. रद्द करायला भरपूर वेळ होता, पण मावशींनी हात पडद्याजवळही नेला नव्हता.

त्या दिवशी तो तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. रस्ता ओला होता, दुकानांचे दिवे लागत होते.

“तुमचे आभार मानायचे राहिलेत,” ती म्हणाली.

“माझे? चेष्टा करताय.”

“बाबा गेल्यावर सगळे भेटून गेले. बोलका छान आहे म्हणाले. उघडून कुणी बघितला नाही. तुम्ही हसलात… पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचलात. बाबांच्या सगळ्या वाक्यांसकट. मला त्या दिवसांत एवढं कुणीच वाचलं नव्हतं.”

तो कसंबसं म्हणाला, “काढणार आहात अजून?”

“नाही. आज सकाळी तुमचं नाव माझ्या नावाशेजारी घातलंय. आता मला न विचारता तुम्ही त्यात काहीही बदलू शकता.”

तो जागच्या जागी थांबला. एवढ्या विश्वासाने कुणी आपला कोड नव्या माणसाच्या हाती देत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“पण मला विचारायचंय,” तो म्हणाला. “कोडचं नाही फक्त. घरी पोचलीस का, जेवलीस का… बाबांची आठवण आली का आज. असलं.”

तो ‘तू’वर आला होता. त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

“मग विचार की.”

“रोज विचारीन.”

“विचार,” ती म्हणाली, आणि कोपरा आला होता तरी वळली नाही. त्याच्याबरोबर सरळ चालत राहिली.